गाडीचा आवाज वाढवायचा, तर वीज कुठून घ्यायची?

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी शेतातून येऊन आत्ताच टेकली असेल, कुणी भाकरी थापत ऐकत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या.

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर गॅरेजातलं, पुरुषांचं काम. पण गाडीचा हप्ता आपण भरतो, गाडी आपल्यातलीच एक जण चालवते, मग गाडीत कुठली तार कुठे जाते हेही आपल्याला कळायला नको का?

आता गावोगाव विजेवरच्या गाड्या आल्यात. कुणाच्या दारात चारचाकी आहे. बऱ्याच गटांनी सामान वाहायला किंवा प्रवासी न्यायला विजेवरची तीनचाकी घेतली आहे. शहरांत महिलांसाठी सरकारची पिंक ई-रिक्षा योजनाही आहे. गाडी आली की दुसऱ्या महिन्यात एक मागणी हमखास निघते. भाजी विकायची तर पुकारा हवा. पापड-मसाल्याचा स्टॉल लावायचा तर माइक हवा. ग्रामपंचायत दवंडीचं काम द्यायला तयार असते. कंपनीने बसवलेला बारका स्पीकर त्याला पुरत नाही. मग एखादा फिटिंगवाला म्हणतो, "ताई, एवढी मोठी बॅटरी आहे खाली, त्यातूनच घेऊ की लाइन!"

आमच्या गटातही हीच चर्चा झाली. आम्ही 11 जणी. निम्म्या म्हणाल्या, मोठ्ठा साउंड बसवू, नवरात्रात आणि लग्नसराईत भाड्यानेही देता येईल. निम्म्या म्हणाल्या, गाडी बंद पडली तर हप्ता कोण भरणार? भांडण नको म्हणून आम्ही आधी सगळं समजून घ्यायचं ठरवलं. जाणकार वायरमनना विचारलं, गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं, कागदावर हिशेब मांडले. त्यातून जे कळलं ते आज सांगतो. सगळ्याचं सार एका वाक्यात: आवाजासाठी वीज 12 व्होल्टच्या वाटेनेच घ्यायची, मोजून घ्यायची आणि फ्यूजमधून घ्यायची. मोठ्या बॅटरीला हात लावायचा नाही.

आता हे असं का, ते बघू.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिन फिरतं, त्याच्या पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो आणि तो 12 व्होल्टची बॅटरी भरत राहतो. गाणी, दिवे, हॉर्न सगळं त्या बॅटरीवर. विजेवरच्या गाडीत इंजिनही नाही आणि अल्टरनेटरही नाही. तिच्यात दोन बॅटऱ्या असतात, थोरली आणि धाकटी. थोरली गाडी ओढते. चारचाकीत तिचा दाब साधारण 300 व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतो. घरातल्या विजेचा दाब 230 व्होल्ट, म्हणजे ही त्याहूनही जबर. तिच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी तार दिसली की हात मागे. फिटिंगवाला कितीही हुशार असला तरी त्या तारेला जोड देणं हे त्याचं काम नाही. ते कंपनीच्या शिकलेल्या माणसाचं काम आहे.

धाकटी बॅटरी 12 व्होल्टची. दिवे, वायपर, हॉर्न, रेडिओ हे सगळं ती बघते. मग तिला कोण भरतं? दोघींच्या मध्ये एक डबा असतो, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. धरणाचं पाणी आपण थेट स्वयंपाकघरातल्या नळाला जोडत नाही. मध्ये टाकी असते, व्हॉल्व्ह असतो. तसा हा कन्व्हर्टर थोरलीचा जबर दाब उतरवून धाकटीला झेपेल एवढा करतो.

इथे एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा. थोरली बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी धाकटी रिकामी झाली, तर गाडी सुरूच होत नाही. कारण थोरलीचा दरवाजा उघडणारा विजेचा खटका धाकटीच्या जोरावर चालतो. घर धान्याने भरलंय पण कुलपाची किल्ली हरवली, तशी गत. आणि बहुतेक गाड्यांत चावी बंद केली की कन्व्हर्टर थांबतो. म्हणजे गाडी उभी करून, चावी काढून तासन्‌तास गाणी लावली, तर सगळा भार एकट्या धाकटीवर पडतो. संध्याकाळी घरी निघायला गाडी हलत नाही, आणि लोक म्हणतात विजेची गाडी बेभरवशाची. गाडीचा दोष काहीच नसतो.

आता तीनचाकीचं बघू, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींकडे तीच आहे.

तीनचाकीत थोरली बॅटरी बहुधा 48 व्होल्टची असते. त्यात दोन जाती. जुन्या धाटणीच्या ई-रिक्षात 12 व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या एकीला एक जोडून 48 व्होल्ट करतात. नव्या गाड्यांत लिथियमची एकच बंद पेटी असते. महिंद्रा ट्रिओसारख्या गाडीत ती 48 व्होल्टची, 7.37 युनिट वीज साठवणारी आहे.

शिशाच्या चार बॅटऱ्यांच्या गाडीत एक चूक सर्रास दिसते. फिटिंगवाला म्हणतो, "साउंडला 12 व्होल्टच लागतात ना? मग चारपैकी एका बॅटरीवरून घेऊ. कन्व्हर्टरचे पैसे वाचतील." ऐकायला बरं वाटतं. पण औताला चार बैल जुंपलेत आणि त्यातल्या एकाच्याच पाठीवर पोतं लादलं, तर काय होईल? तोच बैल आधी थकेल. ती एक बॅटरी रोज बाकी तिघींपेक्षा जास्त रिकामी होते. रात्री चार्जर चौघींना एकत्रच भरतो, त्याला वेगळं कळत नाही. मग ती एक अर्धपोटी राहते आणि बाकीच्या तिघींना गरजेपेक्षा जास्त मिळतं. काही महिन्यांत एक बॅटरी बसते आणि तिच्यापायी चारही बदलायची पाळी येते. वाचवलेले पैसे कितीतरी पटीने जातात.

लिथियमच्या पेटीत तर असा विचारही करायचा नाही. आत एक राखणदार सर्किट असतं, ते प्रत्येक कप्प्यावर लक्ष ठेवतं. पेटी उघडून मधूनच तार काढली की त्या राखणदाराचा हिशेब चुकतो, वॉरंटी जाते आणि आगीचा धोका दारात येतो.

मग करायचं काय? आधी भूक मोजायची. पाहुणे किती हे कळल्याशिवाय आपण कणीक भिजवत नाही.

तीन शब्द आहेत. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारी धार. वॉट म्हणजे त्या दोघांनी मिळून होणारं काम. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. घरात 100 वॉटचा दिवा लावला तर 100 भागिले 230, म्हणजे अर्ध्या अँपिअरहून कमी धार. तेच 100 वॉट 12 व्होल्टवर घेतले तर 100 भागिले 12, म्हणजे 8 अँपिअरच्या वर! काम तेवढंच, पण धार जवळजवळ 20 पट. म्हणून घरातल्या टेबलफॅनची उरलेली वायर गाडीच्या साउंडला चालत नाही. ती तापते.

अँप्लिफायर घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. "1000 वॉट" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, शेजारी बारीक अक्षरात पीएमपीओ लिहिलेलं असतं. तो आकडा जाहिरातीचा. खरा आकडा आरएमएस नावाने लिहितात, तो विचारा. आणखी एक साधी खूण आहे. अँप्लिफायरच्या पाठीमागे फ्यूज असतो, त्यावर आकडा असतो. तिथे 10 लिहिलं असेल, तर ते यंत्र 12 व्होल्टवर सुमारे 120 वॉटच्या वर सतत खाऊ शकत नाही. मग 1000 वॉटचा आवाज त्यातून कुठून येणार?

कन्व्हर्टरवरही अँपिअर लिहिलेले असतात. समजा तुमच्या तीनचाकीचा कन्व्हर्टर 20 अँपिअरचा आहे. दिवे, वायपर, हॉर्न मिळून 10 अँपिअर खातात असं धरा. मग साउंडला उरले 10. त्यातलेही सगळे घेऊ नयेत, 7-8 वर थांबावं. कारण पावसाळ्यातल्या अंधारात दिवे, वायपर, हॉर्न आणि पुकारा, सगळं एकदम चालू असतं. त्या वेळी दिवे मंद झाले तर समोरून येणाऱ्याला आपली गाडी नीट दिसणार नाही. गाडी चालवणारी आपली मैत्रीण आहे, हे विसरायचं नाही.

आता सगळ्यांच्या मनातली भीती. साउंड लावला तर गाडी कमी पळेल का? हिशेब करू. पुकारा करताना आपण बोलतो, थांबतो, पुन्हा बोलतो. त्यामुळे 100 वॉटचं यंत्रही सरासरीने बरंच कमी खातं. 40 वॉट धरू. रोज 3 तास पुकारा, म्हणजे 120 वॉट-तास, एका युनिटचा आठवा हिस्सासुद्धा नाही. तीनचाकीला एक किलोमीटर जायला साधारण 60 ते 80 वॉट-तास लागतात. म्हणजे दिवसाचं अंतर कमी झालं ते जेमतेम 2 किलोमीटर. चारचाकीत तर जाणवणारही नाही. 2020 साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरीच 30.2 युनिटची होती. तेव्हा अंतराची भीती खोटी आहे. भीती बाळगायची ती बारीक तारेची, सैल जोडाची आणि नसलेल्या फ्यूजची.

शेजारच्या गावात एका गटाच्या गाडीत तेच झालं. कुणी फिटिंग केलं त्याचं नाव घ्यायचं कारण नाही. तार सीटखालून पत्र्याच्या कडेला घासत नेली होती आणि फ्यूज बसवलाच नव्हता. खड्ड्यांतून जाता-येता तारेचं प्लास्टिक कापलं गेलं, तांबं पत्र्याला टेकलं आणि सीटखालून धूर निघाला. चालवणाऱ्या बाईने प्रसंगावधान राखून गाडी थांबवली, सगळ्या उतरल्या, कुणाला इजा झाली नाही. पण गाडी महिनाभर उभी राहिली, आणि बाहेरचं फिटिंग आहे म्हणून वॉरंटीत दुरुस्ती मिळाली नाही. हप्ता मात्र त्या महिन्यातही भरावाच लागला. चार-पाच रुपयांच्या फ्यूजने हे सगळं टळलं असतं.

म्हणून फ्यूजची गोष्ट नीट ऐका. फ्यूज तारेला वाचवतो. तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच हवा. यंत्राजवळ बसवला आणि बॅटरीजवळची तार मध्येच कुठे टेकली, तर त्याचा उपयोग नाही. 8-10 अँपिअरच्या कामाला 15 अँपिअरचा फ्यूज आणि 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हे माप ठीक बसतं. बॅटरीपासून यंत्र 3 मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन 6 मीटर तार होते. 1 चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली तर 10 अँपिअरला वाटेतच सुमारे 1 व्होल्ट गळतो, आवाज फाटतो आणि तार तापते. 2.5 च्या तारेत अर्ध्या व्होल्टहूनही कमी गळतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर त्याजागी चांदी, तार किंवा मोठा फ्यूज घालायचा नाही. फ्यूज काहीतरी सांगतोय, ते शोधायचं.

तार पत्र्यातून जिथे जाते तिथे रबरी बूच हवं. जोड पिळून चिकटपट्टी लावलेला नको, दाबून बसवलेल्या लगचा हवा. तीनचाकीत ऋण तार पत्र्याला कुठेही न जोडता थेट 12 व्होल्टच्या ऋण टोकाला परत आणावी. स्पीकरमधून सतत किणकिण ऐकू येत असेल, तर माइकची तार विजेच्या तारेपासून लांब न्या. पुष्कळदा तेवढ्याने थांबते. आणि यंत्राचा खटका चावीशी जोडलेला असावा. चावी बंद, साउंड बंद. म्हणजे विसरून चालू राहून धाकटी बॅटरी उतरणार नाही.

गाडी उभी ठेवून, चावी चालू ठेवून साउंड लावत असाल तर आणखी एक जपा. विजेची गाडी आवाज करत नाही. ती चालू आहे हे शेजारच्या पोराला कळत नाही. एक्सलरेटरला हात लागला तर गाडी पुढे जाते. म्हणून हँडब्रेक ओढलेला हवा, गिअर न्यूट्रलला हवा आणि गाडीत जबाबदार बाई बसलेली हवी.

आता दुसरा मार्ग सांगतो, जो आमच्या गटाने निवडला. गाडीच्या एकाही तारेला हात न लावता साउंडसाठी वेगळी बॅटरी ठेवायची. लिथियम फॉस्फेट जातीची 12 व्होल्टची, 20 अँपिअर-तासाची बॅटरी सुमारे 250 वॉट-तास वीज देते. सरासरी 40 वॉटने ती 6 तास पुरते. रात्री गाडी चार्जिंगला लावताना तीही तिच्या स्वतःच्या चार्जरवर लावायची. शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला लावायचा नाही. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधायची, वर झाकण ठेवायचं, पावसाचं पाणी लागू द्यायचं नाही. फ्यूज तिलाही हवाच. यात वॉरंटीचा प्रश्न येत नाही, गाडी बंद पडायची भीती नाही. शिवाय बॅटरी आणि साउंड उचलून मंदिरात, शाळेत, गटाच्या सभेतही नेता येतात. पहिला खर्च थोडा जास्त आहे, हे खरं. पण वर्षाचा हिशेब मांडल्यावर आमच्यातल्या दोन्ही बाजू यावर एक झाल्या.

दुसरी एक गोष्ट कळली, तिने खर्च आणखी कमी झाला. वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही, थोडासाच वाढतो. पण स्पीकर बदलला की खूप फरक पडतो. साध्या गोल स्पीकरपेक्षा कर्णा तेवढ्याच विजेत कितीतरी मोठा आवाज देतो, कारण तो आवाज पसरू न देता समोर फेकतो. गाण्याला तो कर्कश लागतो, पण बोलण्याला उत्तम. पुकाऱ्यासाठी 20-30 वॉटचा कर्णा पुष्कळ झाला. गाडीत बसून गाणी ऐकायची हौस असेल तर चांगल्या जातीचे दोन छोटे स्पीकर घ्या, मोठा अँप्लिफायर नको. विजेची गाडी मुळातच शांत असते, कमी आवाजातही गाणं स्वच्छ ऐकू येतं.

आणि आवाजालाही मर्यादा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लावता येत नाही. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45. परवानगीचा कागद गाडीत ठेवा. बाळंतीण, तान्हं मूल, आजारी म्हातारं माणूस असलेल्या घरापुढे कायद्यानं सांगण्याआधी आपणच आवाज कमी करू. ती आपली गिऱ्हाइकं आहेत.

आता शेवटी, फिटिंगवाल्याकडे जाल तेव्हा हे पाच प्रश्न विचारा. वहीत लिहून घ्या, आम्ही सावकाश सांगतो.

पहिला: दादा, वीज नेमकी कुठून घेणार? उत्तर 12 व्होल्टची धाकटी बॅटरी किंवा वेगळी बॅटरी, एवढंच चालेल.

दुसरा: कन्व्हर्टर किती अँपिअरचा आहे आणि त्यातले किती उरतात?

तिसरा: फ्यूज कुठे बसवणार आणि किती अँपिअरचा?

चौथा: तार किती चौरस मिलिमीटरची, आणि तांब्याचीच ना?

पाचवा: यामुळे वॉरंटी जाईल का? याचं उत्तर फिटिंगवाल्याकडून घेऊ नका. गाडी जिथून घेतली तिथून लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा.

या प्रश्नांवर जो हसेल किंवा "ताई, तुम्हाला काय करायचंय" म्हणेल, त्याच्याकडून गाडी परत आणा. जो शांतपणे उत्तर देईल, मीटर लावून दाखवेल, त्याच्याकडेच काम द्या. आणि काम चालू असताना गटातल्या दोघी तरी शेजारी उभ्या राहा. कुठली तार कुठे गेली त्याचं चित्र काढून वहीत ठेवा. पुढे काही बिघडलं तर तेच चित्र कामाला येतं.

गटाची गाडी म्हणजे बचतीतून उभी राहिलेली वस्तू आहे. ती रोज रस्त्यावर राहिली तर घरात पैसा येतो. तिच्या आवाजाने आपला माल खपावा, आपलं नाव व्हावं, हे सगळ्यांनाच वाटतं. तो आवाज लावण्याआधी संध्याकाळच्या सभेत हा हिशेब एकदा सगळ्यांनी मिळून मांडा. शिकलेली मुलगी घरात असेल तर तिला भागाकार करायला बसवा, तिलाही गोडी लागेल.

तुमच्या गटाने गाडीला साउंड बसवला असेल, तर कसा बसवला ते केंद्रावर येऊन आम्हाला नक्की सांगा. आमच्याही वहीत भर पडेल.